एकट्या माणसाचं कुत्रं

वराळ्यातल्या आमच्या सोसायटीत कुत्री आठ. गेल्या दिवाळीपर्यंत नऊ होती. नवव्याची गोष्ट पुढे येईलच. आठांत ब्रुनो तीन आणि कोको दोन, त्यामुळे गेटवरून कुणी हाक मारली की भलत्याच माना वळतात. यांतली चार कुत्री अशा घरांत आहेत जिथे माणूस एकच राहतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. काका जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी ठाण्याला. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम. आणि दोन निवृत्त गृहस्थ, ज्यांची एकमेकांशी पार्किंगवरून बोलचाल बंद आहे, पण कुत्र्यांचं मात्र छान जमतं.

पाचवा एकटा मी. माझ्याकडे कुत्रं नाही. "एखादं लहानसं कुत्रं पाळा की" हे मला बहिणीने, डॉक्टरांनी, दूधवाल्याने आणि वॉचमनने सांगून झालं आहे. दोन वर्षं नुसतं "बघू" म्हटल्यावर एकदाचं खरंच बघायला बसलो. या विषयात काय काय सिद्ध झालंय, काय नुसतं बोललं जातं, आणि वराळ्यासारख्या ठिकाणी त्यातलं किती लागू पडतं, याचा हा आढावा.

वराळे इंद्रायणीकाठचं गाव. तळेगावकडून येताना आधी भातखाचरं लागायची. आता आधी वन बीएचकेचे फलक लागतात आणि मग उरलीसुरली खाचरं. तळेगावची एमआयडीसी, चाकणचे कारखाने, डी. वाय. पाटलांची कॉलेजं यांनी इथे माणसं आणली आणि ती बहुतेक एकेकटी आणली. कुणी शिकायला, कुणी शिफ्टवर, कुणी पुण्यातली जागा विकून मोकळ्या हवेसाठी. जुन्या गावठाणातल्या घरांत माणसं अजून भरपूर आहेत आणि कुत्रीही आहेत, पण तिथलं कुत्रं राखणीचं. गोठ्याशी झोपतं, भाकरी खातं, नाव मोत्या किंवा वाघ्या. त्याला घरात घेऊन गादीवर बसवायचं कुणाच्या मनातही येत नाही. आपली भाषाही कुत्र्याशी फारशी मायेने वागलेली नाही. कुणाचे फार वाईट दिवस आले की 'कुत्रं हाल खाणार नाही' म्हणतो, सुधारत नाही त्याला नळीतल्या शेपटीची उपमा देतो. दुसऱ्या बाजूला दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव महाराज आहेत. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी तर आपल्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला बांधली. त्याने वाघापासून महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात. मान मिळाला तो अशा कुत्र्यांना. मांडीवरचं कुत्रं मात्र आपल्याकडे नवंच.

सोबत ही कल्पना मात्र जुनी. पूर्वी घरात बाई एकटी राहिली की शेजारचं पोर रात्री 'सोबतीला' पाठवत. ते पोर घरून जेवून यायचं, आलं की चटईवर आडवं व्हायचं, सकाळी तोंड न धुता परत जायचं. दोघांत बोलणं असं काही व्हायचं नाही. तरी सोबत व्हायची. काकूंना मी विचारलं होतं की चिंगी तुमच्यासाठी नेमकं काय करते. त्या म्हणाल्या, "काही नाही हो. रात्री घोरते."

चिंगी म्हणजे त्यांची कुत्री. पॉमेरियन म्हणून घेतली आणि वाढता वाढता कोल्ह्यासारखी लांबुडकी झाली. डॉक्टरांनी लसीच्या पुस्तकात 'स्पिट्झ क्रॉस' असं लिहून तो विषय मिटवला.

एकटं राहणं वेगळं आणि एकाकी वाटणं वेगळं, हे मराठीला दोन शब्दांनी आधीच माहीत आहे. २०११ च्या जनगणनेत देशात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित मिळून ७ कोटींवर एकट्या स्त्रिया मोजल्या गेल्या. २०१७-१८ च्या देशव्यापी ज्येष्ठ पाहणीत साठीपुढच्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक घरात अगदी एकटे राहत होते. यातले सगळे काही एकाकी नसतात. मी स्वतः बराच काळ नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल ३० जून २०२५ ला आला. जगातल्या दर सहा माणसांत एकाला एकाकीपणा जाणवतो, आणि त्याच्याशी जोडता येतील असे मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांवर जातात, असा त्यांचा अंदाज. एकाकीपणाची तक्रार तरुणांत, त्यातही किशोरवयीन मुलांत सर्वाधिक आढळली, हे वाचून मात्र मी थबकलो. कुत्रं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजी-आजोबा येतात. खरी गिऱ्हाइकं बाविशीची असू शकतात. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणाचं काम एका मंत्र्याकडे दिलं, जपानने २०२१ मध्ये. आपल्याकडे हे खातं अजून शेजाऱ्यांकडेच आहे.

आता कुत्र्याने हे बरं होतं का? या सगळ्या संशोधनाची गंगोत्री म्हणजे १९८० चा एक अगदी छोटा अमेरिकी अभ्यास. एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचे ९२ रुग्ण दवाखान्यातून घरी गेल्यावर वर्षभर पाहिले. घरी पाळीव प्राणी असलेले ५३ होते, त्यांतले ३ दगावले. प्राणी नसलेले ३९ होते, त्यांतले ११. आकडे इतके ठळक की त्यांच्यामागे पुढची चाळीस वर्षं लोक धावले. सर्वांत मोठी धाव स्वीडनची. तिथे कुत्र्याची नोंद सक्तीची आहे, त्यामुळे २०१७ मध्ये ३४ लाख लोकांची बारा वर्षांची माहिती पडताळता आली. त्यात एकट्या राहणाऱ्या माणसांचा निष्कर्ष आपल्या विषयाला अगदी नेमका लागू पडतो: कुत्रं असलेल्या एकट्या माणसाला मृत्यूचा धोका कुत्रं नसलेल्या एकट्यापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी. भरल्या घरात हा फरक बराच लहान.

इथवर वाचलं आणि मी पिल्लांचे भाव विचारायला फोन हातात घेतला होता. पण त्याच संशोधकांनी तळटीप जोडली आहे: मुळात ज्यांची तब्येत बरी, पाय चालते, तेच कुत्रं पाळतात, असंही असू शकेल. गुडघे गेलेला माणूस कुत्र्याच्या भानगडीत पडत नाही. मग कुत्र्यामुळे माणूस धट्टाकट्टा की धट्ट्याकट्ट्याच्या घरी कुत्रं, हे आकड्यांतून कळत नाही. त्यावर उपाय एकच, पाळण्याआधी आणि नंतर त्याच माणसाला मोजणं. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये गिल्बी आणि सहकाऱ्यांनी तसं केलं. प्राणी आणू बघणाऱ्या लोकांचा एकाकीपणा आधी मोजला आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजला. ज्यांनी प्राणी आणला त्यांचा एकाकीपणा कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१९ मध्ये सिडनीत ७१ लोकांवर अशीच पाहणी झाली, तिथे कुत्रं आल्यावर तीन महिन्यांच्या आत एकाकीपणा कमी झालेला दिसला. दोन्ही अभ्यास लहान, दोन्ही प्रामाणिक, आणि एकमेकांच्या उलट. हॅल हर्झोग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २०११ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्राणी पाळल्याने माणूस सुखी-निरोगी होतो हे अजून गृहीतकच आहे. ते वाक्य आजही फारसं शिळं झालेलं नाही.

जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, तेच जे आई आणि तान्ह्या बाळात वाढतं. हे खरं आहे आणि गोडही आहे. पण २००८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला वृद्धाश्रमांतल्या ३८ रहिवाशांवर झालेला एक प्रयोग त्याशेजारी ठेवून पाहावा. काहींकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास खरा कुत्रा नेला, काहींकडे सोनी कंपनीचा 'आयबो' हा यंत्रकुत्रा, काहींकडे काहीच नाही. आठ आठवड्यांनी खऱ्या कुत्र्यानेही एकाकीपणा कमी केला होता आणि यंत्रानेही, जवळपास सारखाच. जपानात बंद पडलेल्या आयबोंचे बौद्ध मंदिरात अंत्यविधीही झाले आहेत. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. मात्र कुत्र्याचं श्रेय कुत्र्यालाच देण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.

एवढं सगळं चाळल्यावर माझं मत असं झालं की कुत्रं घरात बसून जे करतं त्यापेक्षा ते माणसाला घराबाहेर काढतं, वेळापत्रकाला बांधतं आणि लोकांपुढे उभं करतं, यात बहुतेक फायदा आहे. पर्थ आणि तीन अमेरिकी शहरांत २०१५ मध्ये झालेल्या पाहणीत पाळीव प्राणी असलेल्यांची वस्तीत ओळखपाळख जास्त निघाली. आमच्याकडे पाहणीची गरज नाही. काकूंचं आडनाव सोसायटीत निम्म्यांना सांगता येणार नाही, 'चिंगीच्या काकू' सगळ्यांना ठाऊक. माझ्या मताला छेद देणारा पुरावाही आहे: वृद्धाश्रमांतच २००५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, कुत्र्याबरोबर चारचौघांत बसण्यापेक्षा एकट्याने बसलेल्या लोकांचा एकाकीपणा जास्त उतरला. त्यांना माणसं नकोच होती, कुत्रं हवं होतं. पण वृद्धाश्रमात माणसं आधीच डोक्यावर असतात. वराळ्यातल्या वन बीएचकेची अडचण नेमकी उलटी.

सकाळी सहाला काकूंची कडी वाजते. पट्टा किल्ल्यांच्याच खिळ्याला टांगलेला; तो निघाल्याचा आवाज झाला की चिंगी सोफ्यावरून उडी टाकते आणि फरशीवर नखं घसरतात, ते मला खालच्या मजल्यावर ऐकू येतं. लिफ्ट, गेट, मग वराळे रस्त्याच्या कडेने किराणा दुकानापर्यंत. तिथे दुकानदार अजून शटर वर करत असतो. चिंगी एका विजेच्या खांबाशी अडते, तीन मिनिटं वास घेते, काकू तेवढ्यात दुकानदाराशी दोन शब्द बोलतात, दुधाची पिशवी घेतात. परतताना शाळेच्या बसला थांबलेल्या चार आया. एकीच्या पोराला चिंगीला हात लावायचा असतो आणि हात लावायची भीतीही असते. पाऊण तासात काकू सात-आठ माणसांशी बोललेल्या असतात. यातलं एकही बोलणं महत्त्वाचं नसतं. काकांच्या मागे पहिली दोन वर्षं त्या फक्त घंटागाडीच्या वेळी खाली यायच्या.

म्हणूनच 'लहान' या शब्दाकडे नीट पाहायला हवं. लहान कुत्र्याचे फायदे खरे आहेत. रिक्षातून दवाखान्यात नेता येतं. पायरीवर अडलं तर उचलता येतं. जेवण थोडं, जागा थोडी. आयुष्य जास्त: मोठ्या जातीचं कुत्रं आठ-दहा वर्षांत थकतं, लहान बारा ते पंधरा काढतं. ओढ कमी, आणि म्हाताऱ्या हाडांसाठी हे मोठं. अमेरिकेत पासष्टीपुढच्या लोकांना कुत्रं फिरवताना हाड मोडून दवाखान्यात यावं लागण्याच्या घटना २००४ ते २०१७ या काळात दुपटीपेक्षा जास्त झाल्या, आणि त्यात चारातल्या तीनहून अधिक बायका होत्या. लॅब्राडोर मांजरामागे सुटला की सत्तरीच्या माणसाचा खुबा जातो. चिंगी सुटली तर फक्त पट्टा जातो.

पण लहान म्हणजे मांडीवरचं, आणि मांडीवरचं म्हणजे घरातलं, असं समीकरण झालं की फायद्याचा मूळ झराच बुजतो. त्या स्वीडिश अभ्यासात सर्वांत कमी धोका शिकारी जातींची कुत्री पाळणाऱ्यांना निघाला, म्हणजे ज्यांना रोज दामटून चालवावं लागतं अशांना. टेरियर त्यात येतात आणि टेरियर लहान असू शकतात. घरातच कागदावर शी-शू शिकवलेलं, दारापर्यंतही न जाणारं कुत्रं हे आयबोहून फार वेगळं राहत नाही, फक्त खर्च जास्त. तो खर्चही जाता जाता: लस, जंत, खाणं, केस, अधूनमधून दवाखाना धरून महिन्याला दोन-तीन हजार सहज लागतात. पिल्लाची किंमत सगळे विचारतात, हा आकडा कुणी विचारत नाही.

जात निवडताना आपण टीव्ही-सिनेमाचं ऐकतो. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' मधल्या टफीने घराघरात पांढरी स्पिट्झ आणली, आणि आपण सगळ्यांना सरसकट पॉमेरियन म्हणत राहिलो. २००३ च्या सुमाराला हचच्या जाहिरातीतल्या पगने दुसरी लाट आणली. आता शिह त्झूची चालू आहे. यांतला पग एकट्या माणसाने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चपट्या नाकामुळे त्याला नीट श्वास घेता येत नाही, उन्हाने तो लवकर धापतो, डोळ्यांना इजा पटकन होते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये आरोग्यनोंदी तपासून सांगितलं की पगला वर्षभरात काही ना काही आजार होण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या जवळजवळ दुप्पट. दिवसभर घरात एकटं राहणारं कुत्रं, एप्रिलमधलं टॉप फ्लोअरचं घर आणि गेलेली वीज. पुढचं लिहायला नको. शिह त्झू स्वभावाने गोड, पण मावळातल्या पावसात त्याच्या केसांचा जो नमदा होतो तो विंचरणारा माणूस रोज अर्धा तास रिकामा हवा. डॅशहुंडची पाठ नाजूक, त्याला सोफ्यावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा आणि श्वासनळी चेपण्याचा त्रास नेहमीचा. म्हणून गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा घ्यावा.

मॅडमनी यांतलं काहीच केलं नाही. गेटबाहेरच्या काळ्या कुत्रीला त्या दोन वर्षं बिस्किटं घालत होत्या. एका पावसाळ्यात तिला गोचीड ताप आला, औषधासाठी आठ दिवस घरात घेतली, आणि ती परत गेलीच नाही. काळी सहा-सात वर्षांची असावी, लहान जातीची नाही, पण मावळी गावठी कुत्री अंगाने शेलाटी. फ्लॅटमध्ये ती चिंगीपेक्षा कमी जागा अडवते, कारण ती झोपलेली असते. या हवेत जन्मलेली, पोट दगडाचं, स्वभाव आधीच बघून झालेला. एकट्या माणसाला, विशेषतः वय झालेल्याला, पिल्लापेक्षा असं मोठं झालेलं कुत्रं कधीही बरं. पिल्लू पहिले सहा महिने तान्ह्या मुलाएवढं जागवतं. पुण्यात बावधनच्या रेस्क्यूसारख्या संस्था अशी कुत्री दत्तक देतात. विकतचंच हवं असेल तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद हवी आणि आठ आठवड्यांआतलं पिल्लू विकता येत नाही. पंचवीस दिवसांचं पिल्लू बुटाच्या खोक्यातून हातात देणाऱ्याकडून घेऊ नका.

मावळ म्हणून काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे तेवढा नाही, पण जून ते सप्टेंबर ओल आणि गोचीड ठरलेली. लेप्टोची लस चुकवू नये, कारण साचलेल्या पाण्यातून तो आजार माणसालाही होतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दर वर्षी. लक्षणं दिसल्यावर हा रोग जवळजवळ शंभर टक्के जीव घेतो, मग तो कुत्र्याचा असो वा माणसाचा. आणि बिबट्या. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या आहारातला वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. मावळातही बिबट्याच्या बातम्या येतातच. कडेच्या रो-हाउसवाल्यांनी पाच किलोचं कुत्रं रात्री ओट्यावर बांधून ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं आहे.

सोसायटीचं राजकारण थोडक्यात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की सभेने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लहान जातीचंच ठेवा असा आग्रह धरता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. आमच्या चेअरमनना ही प्रिंट दाखवल्यावर त्यांनी ती बारकाईने वाचली आणि म्हणाले, "मग घाण उचलायचंही यात लिहिलंच असेल ना?" लिहिलं आहे, आणि त्यांचा मुद्दा रास्त होता. भाड्याने राहणाऱ्या एकट्याची गोष्ट वेगळी. 'बॅचलर नको, नॉनव्हेज नको, कुत्रं नको' या तीन अटींतून पार पडणारा माणूस दर अकरा महिन्यांनी जीव मुठीत धरतो.

आता नववं कुत्रं. एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, विदर्भातला, चोविशीचा मुलगा. एकटेपणा त्याला खरंच खायचा. रविवारी जेवायला बोलावलं तर पाच वाजेपर्यंत बसून राहायचा. त्याने छोटा बीगल आणला. कंपनीची बस धरून शिफ्ट अकरा तासांची पडायची. तेवढा वेळ तो बीगल दाराशी बसून रडायचा; भुंकणं नव्हे, गळा काढून रडणं. सोसायटीच्या ग्रुपवर आधी हसणाऱ्या चिन्हांचे, मग हात जोडल्याचे, मग चेअरमनचे मेसेज आले. मुलगा वाईट नव्हता. घरी आल्यावर त्याला छातीशी धरून झोपायचा. पण त्याचा एकटेपणा घालवण्यासाठी आणलेलं जनावर त्याच्यापेक्षा जास्त एकटं झालं होतं. दिवाळीत गावी न्यायचं ठरलं तर रेल्वेत कुत्रं प्रवाशासोबत न्यायला पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. शेवटी मित्रांबरोबर गाडी करून गेला, आणि येताना एकटा आला. आईजवळ ठेवला, म्हणाला. तिथे तो सुखात आहे, आणि हा पुन्हा रविवारी पाच वाजेपर्यंत बसतो.

या सगळ्या विषयाचं मर्म मला त्या बीगलने दाखवलं. एकट्या माणसाच्या कुत्र्याला दुसरं माणूस लागतं. पोटाचं ऑपरेशन निघालं, भाऊ अत्यवस्थ झाला, कंपनीने चेन्नईला पाठवलं, की पट्टा कुणाच्या हातात द्यायचा? चौकोनी कुटुंबात हा प्रश्न कुणाला पडत नाही. अडुसष्टाव्या वर्षी पिल्लू आणणाऱ्याने चौदा मिळवून पाहावेत. रतन टाटांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. आयुष्यभर अविवाहित, कुत्र्यांवर अपार जीव, बॉम्बे हाउसच्या आवारातल्या भटक्यांनाही घर दिलेलं, २०२४ मध्ये महालक्ष्मीला प्राण्यांचं मोठं रुग्णालय उभं राहिलेलं. ९ ऑक्टोबर २०२४ ला ते गेले आणि त्यांच्या मृत्युपत्राच्या बातम्या आल्या, तेव्हा कळलं की टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद त्यात आहे आणि ती जबाबदारी जुन्या स्वयंपाक्यावर सोपवली आहे. अशा माणसालाही कुत्र्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहावं लागलं. आपल्याला लसीच्या पुस्तकाचं एक पान पुरेल.

म्हणजे क्रम उलटा आहे. कुत्रं आणलं की माणसं मिळतील, या आशेवर लोक जातात. निदान एक माणूस आधी मिळवून ठेवावा लागतो. ज्याच्या घराची किल्ली आपल्याकडे आणि आपली त्याच्याकडे असा एकच शेजारी. तो नसेल तर एकाकी माणसाला कुत्रं पाळा हा सल्ला देणं मला आता जोखमीचं वाटतं, माणसासाठी आणि जनावरासाठीही. तो असेल तर जरूर पाळावं, चालणारं पाळावं, मोठं झालेलं पाळावं. पिल्लू बघायला जायच्या आधी त्या एका माणसाला फोन करा आणि त्याने 'हो' म्हटल्याशिवाय गाडी काढू नका.

माझा निर्णय अजून 'बघू' वरच आहे. मात्र गेल्या महिन्यात काकू पुस्तक घेऊन खाली आल्या होत्या. पहिल्या पानावर मालकाचं नाव, पत्ता, फोन. खाली डॉक्टरांचा शिक्का आणि लसीच्या बाटलीवरचं चिकटवलेलं लेबल. त्यांच्या नावाखाली त्यांनी निळ्या पेनाने माझं नाव लिहिलं होतं, फोन नंबर मला भरायला सांगितला. गणपतीत त्या ठाण्याला जाणार आहेत. अकरा दिवस चिंगी माझ्याकडे आहे, सकाळी सहापासून.